वारा तो वारा, त्यात तीन वर्षं काय शोधायचं?

निवृत्त_खजिनदार | सोमवार, संध्याकाळी ६:४०

नमस्कार मंडळी. मी बँकेतून निवृत्त झालेला, इथे पाककृती आणि नाट्यसंगीताचे धागे वाचणारा माणूस. पहिल्यांदाच स्वतः धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मुलीचं एम.टेक. झालं. हातात दोन कागद आहेत. एक पुण्याच्या कंपनीचं नोकरीचं पत्र. पगार बरा, आणि शनिवार-रविवार मुलुंडला घरी. दुसरं डेन्मार्कच्या विद्यापीठाचं, तीन वर्षांच्या पीएचडीचं. विषयाचं मराठी तिनेच करून दिलं: 'समुद्रातल्या अतिविशाल पवनचक्क्यांसाठी वाऱ्याची परिस्थिती'. दोनदा वाचलं. पवनचक्कीवर संशोधन म्हटलं तर समजू शकतो. पाती, गिअर, जनरेटर, बरंच काही असेल. पण हिच्या पत्रात यंत्र नाहीच, नुसता वारा! मोबाइलवर ॲप आहे. वर्सोव्याला आत्ता किती वारा आहे ते दिसतं, परवाचंही दिसतं. मग त्यात तीन वर्षं काय शोधायचं?

तिला विचारलं तर म्हणाली, "बाबा, चक्क्या मोठ्या झाल्या, वाऱ्याचं पुस्तक जुनंच राहिलंय," आणि खोलीत निघून गेली. सौ. म्हणतात पाठवायचं. मी अडलोय. जाणकारांनी सांगावं, यात खरंच शोधण्यासारखं काही आहे का, आणि पुढे त्यावर पोट भरतं का.

सोबा | ६:५२

रुमाल टाकून ठेवतो. जेवून येतो.

चकलीचा_काटा | ७:०५

"मुलगी काय करते?"
"वारा मोजते."
"बरं. आणि नोकरी?"

ह.घ्या. काका. माझा भाऊ क्लाउडमध्ये काम करतो म्हटल्यावर आमच्या आजीनं "पायलट आहे का?" असं विचारलं होतं.

फणसवाडी_तिसरा_मजला | ७:११

पुण्याची नोकरी घेतली तर वारा दुपारी १ ते ४ बंद असेल, एवढं लक्षात ठेवा.

अर्धवट_अभियंता | ९:१२

काका, तुमच्या मुलीनं एका वाक्यात सगळं सांगितलंय. मी ते जरा सोडवून मांडतो.

समुद्रातलं पहिलं पवनक्षेत्र डेन्मार्कमध्येच उभं राहिलं, विंडेबीला, १९९१ साली. अकरा चक्क्या, प्रत्येकी ४५० किलोवॅट, पंख्याचा व्यास ३५ मीटर. आपल्या राजाबाई टॉवरपेक्षा (८५ मीटर) बुटक्याच. आता वेस्टासची व्ही२३६ घ्या. १५ मेगावॅट, व्यास २३६ मीटर, एकेक पातं ११५.५ मीटर लांब. विंडेबीच्या अकराही चक्क्या मिळून जेवढी क्षमता होती, त्याच्या तिप्पट ही एकटी. हिचा पहिला नमुना डेन्मार्कमध्ये ओस्टेरिल्डच्या चाचणी केंद्रात उभा केला. पातं सरळ वर असताना त्याचं टोक २८० मीटरवर जातं. लोअर परळच्या वर्ल्ड वन टॉवरची उंची बरोबर तेवढीच आहे. तो टॉवर डोळ्यांसमोर आणा, आणि तळाचा सहावा हिस्सा सोडून बाकीचा सगळा फिरतोय असं समजा.

आता प्रश्न असा, की पाण्यापासून ३० मीटरवर आणि २७० मीटरवर एकच वारा असतो का? नसतो. खाली पाण्याशी घासून वारा मंदावतो, वर मोकळा असतो. समुद्रासाठी नेहमी वापरतात त्या सूत्रात ०.१४ हा घातांक घातला, तर वरचा वारा खालच्यापेक्षा ३६ टक्के जास्त येतो. एवढं चालतं, डिझाइन करताना ते धरलेलंच असतं. पण थंड पाण्यावरून गरम हवा सरकते तेव्हा हवेचे थर एकमेकांत मिसळत नाहीत. तेव्हा हाच घातांक ०.३ च्या आसपास जाऊ शकतो, आणि मग वरचा वारा खालच्याच्या जवळपास दुप्पट! भरीला वाऱ्याची दिशाही उंचीबरोबर वळते. पंख्याच्या तळाला एका दिशेचा वारा, माथ्याला दहा-पंधरा अंश फिरलेला.

या आकाराची चक्की आठेक सेकंदांत एक फेरी मारते. म्हणजे प्रत्येक पातं दर आठ सेकंदांनी जोराच्या वाऱ्यातून मंद वाऱ्यात येतं आणि पुन्हा वर जातं. पंचवीस वर्षं सतत फिरली तर हे झालं साधारण दहा कोटी वेळा. तार वाकवून वाकवून कशी तोडतात, माहीत आहे ना?

आणि तुम्ही बँकेतले, म्हणून हेही सांगतो. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. सरासरी ८ मीटर प्रतिसेकंद धरायची की ९, एवढ्याच फरकानं त्या ताकदीचा आकडा ४२ टक्क्यांनी बदलतो. तेवढी सगळीच्या सगळी चक्कीच्या हाती लागत नाही, तरी कर्ज देणाऱ्याची झोप उडायला पुरेशी आहे.

फणसवाडी_तिसरा_मजला | ९:३०

यातलं निम्मं तर आम्हाला संक्रांतीलाच कळायचं की! चाळीच्या गच्चीवर पतंग पहिल्या वीस हातांत नुसता गोते खातो. समोरच्या इमारतीमागे वारा गुरफटलेला असतो, ठुमके मारून मारून मनगट दुखतं. एकदा का कौलांच्या वर गेला की आपोआप ठरतो, ढील दिली की सुटलाच. आणि अगदी वर गेला की वेगळ्याच दिशेला झुकतो. खाली आमच्या तोंडावर वारा पश्चिमेचा, पतंग मात्र पूर्वेकडे न जाता चर्नी रोड स्टेशनच्या बाजूला ओढतोय, हे कितीदा बघितलंय.

तेव्हा कुणी पीएचडी दिली नाही. वडिलांनी एक थोबाडीत दिली, परीक्षा जवळ आली म्हणून.

रोखठोक | १०:०२

धाग्यात भावना जास्त आणि हिशेब कमी दिसतोय.

अभियंता, तुम्ही जे लिहिलंत ते सगळं पाठ्यपुस्तकात आहे. उंचीनुसार वारा वाढतो हे शाळेतलं पोर सांगेल, फणसवाडीनं सांगितलंच. आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, आयईसी ६१४००. त्यात सूत्रं आहेत, त्यावर हजारो चक्क्या उभ्या आहेत आणि चालतायत. मग नवं काय? मोठी चक्की म्हणजे त्याच सूत्रात मोठा आकडा. पीएचडीला विषय लागतो म्हणून विषय काढतात, यापलीकडे मला काही दिसत नाही. काका, पुणे.

हवा_हवाई | १०:४८

रोखठोक, "त्याच सूत्रात मोठा आकडा" हेच तर दुखणं आहे. माझी पीएचडी याच्या शेजारच्याच विषयात झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

जमिनीलगतच्या वाऱ्याची आपली बहुतेक समज मोनिन आणि ओबुखोव या दोन रशियन शास्त्रज्ञांच्या १९५४ च्या सिद्धांतावर उभी आहे. सिद्धांत उत्तम आहे, पण तो लागू पडतो हवेच्या सीमास्तराच्या, म्हणजे जमिनीचा किंवा पाण्याचा परिणाम जाणवतो त्या थराच्या, खालच्या साधारण दहाव्या भागात. सीमास्तर एक किलोमीटर जाड असेल तर खालच्या शंभर मीटरपर्यंत. हवा थरांत बसलेली असेल तेव्हा अख्खा सीमास्तरच दोनेकशे मीटरचा असू शकतो. आता २८० मीटरची चक्की त्यात उभी करा. डोकं चक्क बाहेर! पंख्याचा खालचा भाग एका नियमानं चालणाऱ्या हवेत, वरचा दुसऱ्या. कधीकधी तर दोन-तीनशे मीटरवर वाऱ्याचा एक जोराचा पट्टाच वाहत असतो आणि त्याच्या वर वेग पुन्हा कमी होतो. बाल्टिक समुद्रात वसंतात हे नेहमीचं आहे. उंचीबरोबर वेग वाढतच जातो असं मानणारं सूत्र तिथे काय करणार?

दुसरी गोष्ट खळबळीची, म्हणजे टर्ब्युलन्सची. मानकात त्यासाठी जी दोन प्रतिमानं आहेत त्यातलं एक कैमल यांच्या नावाचं. हे आडनाव केरळचं, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उगाच बरं वाटलं होतं. ते कशावरून निघालं? १९६८ साली अमेरिकेत कॅन्ससच्या सपाट शेतात, गहू कापून उरलेल्या खुंटांमध्ये एक मनोरा उभा केला होता, त्यावरच्या मोजमापांवरून. मनोऱ्याची उंची ३२ मीटर. बत्तीस! मोजमाप इतकं नेटकं होतं की आजही त्याला तोड नाही. पण ते ३२ मीटरपर्यंतचं, जमिनीवरचं. मानकात हवेतल्या भोवऱ्यांच्या आकाराचं एक माप आहे, ते ६० मीटरपर्यंत उंचीबरोबर वाढत जातं आणि त्यापुढे सरसकट ४२ मीटर धरलं जातं. विंडेबीच्या चक्क्या ६० मीटरच्या खालीच संपत होत्या, तिथे प्रश्नच नव्हता. नव्या चक्कीचा जवळजवळ सगळा पंखा या साठच्या वर फिरतो.

तिसरी गोष्ट: चक्की लहान असते तेव्हा वाऱ्याचा झोत तिला अख्खी गिळतो, तिन्ही पाती एकदमच झेलतात. २४० मीटरच्या पंख्यात तोच झोत एका कोपऱ्यात येऊन आदळतो आणि बाकीच्या दोन पात्यांना पत्ता नसतो. तेव्हा दोन बिंदूंवरचे झोत एकमेकांशी कितपत जुळलेले असतात, हे कळायला हवं. यासाठी अजूनही डेव्हनपोर्ट यांच्या १९६१ च्या सूत्राचा आधार घेतात. ते आलं पूल आणि उंच इमारतींच्या अभ्यासातून. समुद्रावर २०० मीटर उंचीला दोन बिंदूंमधलं मोजमाप करायचं तर मनोरा कुठून आणणार? जर्मन समुद्रातला फिनो-१ हा २००३ पासूनचा प्रसिद्ध मनोरा, तोही शंभरेक मीटरचाच.

त्यामुळे पुस्तक जुनं राहिलंय हे अक्षरशः खरं आहे.

सोबा | १०:५५

जेवून आलो तर इथे विद्यापीठ भरलंय. वाचनखूण साठवली.

रोखठोक | ११:२०

हवा_हवाई, ६० मीटर आणि ४२ मीटरचं मला माहीत नव्हतं. मान्य. पण मग मोजत का नाहीत? लिडार नावाचं यंत्र आहे ना?

हवा_हवाई | मंगळवार, सकाळी ७:१५

आहे, आणि त्यानंच आमचं काम चालतं. लेझर वर सोडायचा, हवेतल्या धूळ-मिठाच्या कणांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग किंचित बदललेला असतो, त्यावरून वेग काढायचा. लांबून येणाऱ्या गाडीच्या भोंग्याचं तत्त्व, बस. पण लिडार एका बिंदूवर मोजत नाही. हवेच्या वीस-तीस मीटरच्या तुकड्याची सरासरी देतो. सरासरी वेगाला ठीक, खळबळीला नाही, कारण छोटे भोवरे त्या सरासरीतच विरून जातात. त्यात तो तरंगत्या बोयावर बसवला की बोया डुलतो, आणि बोयाचं डुलणं कुठलं आणि वाऱ्याचं कुठलं हे वेगळं करण्यात आणखी एकाची पीएचडी होते.

आणि मग संसारी अडचणी. आमच्या लिडारच्या काचेवर गाडीसारखा वायपर होता. वायपरचं पाणी संपलं. समुद्र खवळलेला, बोट जाईना. काचेवर मीठ, मिठावर पक्ष्यांची कृपा. तीन आठवडे आकडे येत होते, पण बघितल्याबरोबर कळत होतं की हा वारा नाही, ही विष्ठा आहे. माझ्या प्रबंधातल्या एका आलेखात फेब्रुवारीच कमी आहे, तो याचमुळे. परीक्षकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

चकलीचा_काटा | ७:४०

"हा वारा नाही, ही विष्ठा आहे" हे माझं आजपासून ब्रीदवाक्य. ऑफिसातल्या निम्म्या अहवालांना लागू.

वर्सोव्याचा_तांडेल | ९:०५

वर कुणीतरी वर्सोव्याचं नाव घेतलं म्हणून आलो. ॲप आम्हीही बघतो. पण माझा आजा शिडाच्या होडीतला. तो निघायच्या आधी शिडाकडे नाही, ढगांकडे बघायचा. खालचे ढग एकीकडे आणि शिडाचा वारा दुसरीकडे असेल तर म्हणायचा, दुपारपर्यंत वरचा वारा खाली उतरेल, लांब जाऊ नका. सकाळी मतलई, दुपारी खारा, हे तर पोरांनाही माहीत. पण वरचा वारा खालच्यासारखा नसतो हे त्याला कुठल्या सूत्रानं कळलं होतं, देव जाणे.

आता माझा प्रश्न. खजिनदार साहेबांच्या मुलीबद्दल नाही, तिला आशीर्वाद. पण हे खांब उद्या आमच्या समुद्रात आले तर डोल, म्हणजे आमचं जाळं, कुठे टाकायची? आमची डोल खुंटाला बांधलेली असते. खुंटाची जागा बापजाद्यांची, कुठली कुणाची हे सगळ्यांना ठाऊक. आधीच समुद्रात पुलाचे खांब, तेलाच्या लाइनी, जहाजांचे रस्ते. वर जून-जुलै बंदी. वारा मोजायला कोण येणार, आणि आम्हाला कोण विचारणार?

अर्धवट_अभियंता | ९:४०

तांडेल, प्रश्न रास्त आहे. सरकारनं पहिल्या टप्प्यात धरलेले पट्टे गुजरात आणि तमिळनाडूचे आहेत, मुंबईसमोरचा त्यात नाही. पण तिकडेही कोळी आहेतच. युरोपातही एकवाक्यता नाही. ब्रिटनमध्ये उभ्या राहिलेल्या चक्क्यांमधून मासेमारीला सरसकट बंदी नसते, बेल्जियममध्ये असते. एवढ्या मोठ्या चक्क्या एकमेकींपासून सात-आठ व्यास लांब ठेवतात, म्हणजे दोन खांबांत दीड-दोन किलोमीटरचं अंतर. जागा दिसते मोकळी. पण खालून केबल जाते.

वर्सोव्याचा_तांडेल | ९:५२

केबल म्हणजे नांगर टाकायचा नाही. मग जागा मोकळी कशाला म्हणायची?

जुना_दीपस्तंभ | ११:३०

मी तेलाच्या फलाटांवर बावीस वर्षं काढली, मुंबई हायला. एक सांगतो. फलाटावर वाऱ्याचं मोजयंत्र असतंच. पण वारा कुठल्या बाजूनं येतोय त्यावर त्याचा आकडा ठरतो. क्रेनच्या मागून आला तर कमी, हेलिकॉप्टर डेकच्या कडेवरून उसळून आला तर जास्त. आम्ही विनोदानं म्हणायचो, हे यंत्र वारा नाही, आपला फलाटच मोजतंय. तेव्हा "समुद्रावर इतकी वर्षं मोजतायत की" असं कुणी म्हणालं तर मी हसतो.

दुसरं, तौक्ते. १७ मे २०२१. त्या दिवशी कुलाब्यात ताशी ११४ किलोमीटरचे झोत नोंदले गेले. समुद्रात पी-३०५ बार्ज बुडाला, माणसं गेली. त्यावर जास्त लिहवत नाही. त्याच रात्री वादळ गुजरातच्या किनाऱ्याला लागलं, दीव-ऊन्याच्या बाजूला. आणि पिपावावसमोरचा जो पट्टा चक्क्यांसाठी निवडलाय तो तिथून फार लांब नाही. उत्तर समुद्रात असलं चक्रीवादळ येत नाही. तिथे बनवलेली चक्की इथे आणायची तर आधी इथला वारा समजून घ्यायला नको का? वादळाच्या डोळ्याभोवतीच्या भिंतीत वारा मिनिटामिनिटाला दिशा बदलतो. वीज गेली असेल तर चक्की वाऱ्याकडे तोंड वळवूही शकत नाही. उभी राहून मार खाणार.

हवा_हवाई | १२:१०

दीपस्तंभ काका, अगदी. मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत चक्रीवादळी प्रदेशांसाठी वेगळा टी वर्ग आलाय. नेहमीच्या पहिल्या वर्गात दहा मिनिटांच्या सरासरीचा कमाल वेग ५० मीटर प्रतिसेकंद धरतात, टी वर्गात ५७. म्हणजे ताशी १८० च्या जागी २०५ किलोमीटर. पण आकडा वाढवला म्हणजे झोतांची रचना कळली असं नाही. तिथे अजून खूप काम आहे.

माहेरवाशीण | १२:३५

निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आमच्या श्रीवर्धनच्या घरामागची सुपारीची वाडी गेली. सगळी झाडं एकाच दिशेला पडलेली, कंगव्यानं विंचरल्यासारखी. पण विहिरीपलीकडची चार उलट्या दिशेला. सासरे म्हणाले, डोळा गेल्यावर वारा फिरला. चक्कीचं मला कळत नाही, पण "वारा तो वारा" हे कोकणातल्या माणसाला सांगू नका काका.

टंगळमंगळ | १२:५०

अवांतर: कुलाब्याचा विषय निघालाच आहे तर, तिथली वेधशाळा १८२६ ची. चुंबकीय नोंदी तिथेच व्हायच्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर विजेनं सुया हलतील म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. मोजायचं यंत्र महाग नसतं, मोजायला निवांत जागा मिळणं महाग असतं. दीपस्तंभांच्या क्रेनवरून आठवलं.

अतिअवांतर: साताऱ्याला चाळकेवाडीच्या पठारावर चक्क्यांखाली उभं राहून भुट्टा खाल्लाय का कुणी? जुलैत गेलो होतो. मक्यावरचा मसाला तोंडात जायच्या आधी कराडला पोचला.

चकलीचा_काटा | १२:५५

तो वाऱ्याचा दोष नाही, तुम्ही लिंबू कमी लावलंत.

रोखठोक | दुपारी २:१५

विषयावर येऊ. वारा गुंतागुंतीचा आहे, मान्य. आता दुसरा प्रश्न, पोट. सरकारनं २०१५ मध्ये धोरण आणलं. २०१८ मध्ये जाहीर केलं की २०३० पर्यंत समुद्रात ३० गिगावॅट. खंबातच्या आखातात २०१७ मध्ये लिडार बसवला. २०२४ मध्ये ७,४५३ कोटींची व्यवहार्यता तूट योजना (न परवडणारा प्रकल्प परवडावा म्हणून सरकारी मदत), गुजरात आणि तमिळनाडूला पाचपाचशे मेगावॅट. आणि समुद्रात उभी चक्की किती? शून्य. सौर वीज इतकी स्वस्त असताना समुद्रात खांब रोवायला कोण जाणार? मुलगी शिकून परत आली तर तिच्या ज्ञानाला इथे गिऱ्हाईक नाही, आणि तिकडेच राहिली तर काकांनी पोरगी डेन्मार्कला दिली असं समजायचं.

अर्धवट_अभियंता | २:५०

शून्य हे खरं आहे, वाद नाही. पण हे ज्ञान फक्त चक्की उभारणाऱ्याला लागतं असं नाही. कर्ज देणारा, विमा करणारा, वीज विकत घेणारा, सगळ्यांना लागतं. हॉर्न्स रेव्हचा फोटो शोधून बघा, २००८ चा. डेन्मार्कच्या समुद्रातल्या ८० चक्क्या, त्या दिवशी हवा नेमकी दमट, आणि पुढच्या रांगेतल्या प्रत्येक चक्कीमागे धुक्याची लांब शेपटी मागच्या चक्क्यांवर पसरलेली. बोटीमागे पाणी ढवळलेलं राहतं तसा चक्कीमागे वारा ढवळलेला आणि दमलेला राहतो. पुढचीनं खाल्लं की मागचीला उष्टं.

त्याचं अर्थकारण बघा. २०१९ च्या ऑक्टोबरात ऑर्स्टेड या समुद्री पवनऊर्जेतल्या सगळ्यात मोठ्या कंपनीनं स्वतःहून जाहीर केलं, की चक्क्या एकमेकींचा वारा किती अडवतात याचा आमचा अंदाज कमी पडला, परताव्याचा आकडा खाली आणतोय. शेअर त्याच दिवशी घसरला. एवढ्या अनुभवी लोकांचा हिशेब कुठे चुकला? यंत्रात नाही, वाऱ्यात. ज्यांना हा वारा कळतो त्यांना काम नाही, हे मला पटत नाही.

रोखठोक | ३:०५

हा मुद्दा चांगला आहे. (लिहिताना त्रास झाला.)

आरहूसची_सून | संध्याकाळी ५:२०

मी डेन्मार्कमध्ये नऊ वर्षं आहे, नवरा विद्यापीठात. व्यवहाराचं सांगते. इथे पीएचडी म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे, नोकरी. तीन वर्षांचा करार, महिन्याला पगार, पेन्शनची वर्गणी, सुट्ट्या. कर भरपूर कापतात, पण भारतातल्यासारखं स्टायपेंड कधी येणार म्हणून खिडकीशी उभं राहावं लागत नाही. तीन वर्षांत काही अभ्यासक्रम पुरे करावे लागतात, थोडं शिकवावं लागतं, आणि काही महिने दुसऱ्या संस्थेत जाऊन काम करायचं असतं. तीन म्हणजे तीन, सहसा लांबत नाही.

नोव्हेंबर वाईट. साडेतीनला दिवे लावायचे. गोडा मसाला आणि कुकरच्या रिंगा घेऊन जा म्हणावं, बाकी सगळं मिळतं. गाईड कसा आहे ते मात्र त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारून घ्या. त्याला स्वतःला नाही.

हवा_हवाई | ५:४५

आणि एक विचारायला सांगा. आकडे कुणाचे? या विषयात सगळ्यात दुर्मीळ गोष्ट म्हणजे खऱ्या मोठ्या चक्कीवरचं मोजमाप. वाऱ्याचं एक वेळ मिळतं. पण त्या वाऱ्यात पातं किती वाकलं, बुडाशी किती ताण आला, ते कंपनीच्या कुलपात असतं. ते नसेल तर तीन वर्षं संगणकावर बनवलेल्या वाऱ्यात संगणकावर बनवलेली चक्की फिरवावी लागते. त्यातूनही चांगलं काम होतं, आयईए या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेची १५ मेगावॅटची संदर्भ चक्की (२४० मीटर व्यास, १५० मीटरवर हब, म्हणजे पंख्याचा मध्य) त्यासाठीच सर्वांना खुली आहे. पण दोन्ही हातात असतील तर मजा वेगळी.

निवृत्त_खजिनदार | रात्री ९:५०

मंडळी, धागा वाचून दाखवला. जेवताना. आमटी गार झाली.

मुलगी आधी हसली (वायपरच्या पाण्याला), मग कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर चक्की काढली. खाली ३०, वर २७०. म्हणाली, "बाबा, समजा मुलुंड शाखेत आणि फोर्ट शाखेत एकाच खात्याची शिल्लक वेगवेगळी दिसतेय, आणि दर आठ सेकंदांनी तुम्हाला दोन्हीकडे सही करायची आहे." मी म्हटलं, असं झालं तर पहिलं काम म्हणजे व्यवहार थांबवायचा. ती म्हणाली, "चक्की थांबवता येत नाही ना सारखी, म्हणून तर आधी दोन्हीकडची शिल्लक नीट मोजायचीय." खात्याची भाषा केली की मला कळतं, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

तांडेल, तुमचं ढगांचं तिनं दोनदा वाचायला लावलं. ती म्हणते हे त्यांच्या भाषेत 'दिशेचं वळण' आणि आजोबांचं बरोबर होतं. डोल कुठे टाकायची याचं उत्तर तिच्याकडे नाही, असंही तिनं कबूल केलं.

आज दुपारी तिचं गाईडशी बोलणं होतं, तर हवा_हवाई यांचा प्रश्न तिनं विचारला. उत्तर आलं: लिडारचा दोन वर्षांचा डेटा आहे, तो तिला मिळणार. चक्कीवरच्या ताणाचा डेटा कंपनीकडे आहे, त्याचा करार "व्हायचाय".

रोखठोक | ९:५८

व्हायचाय म्हणजे झालेला नाही. काका, लेखी घ्या.

हवा_हवाई | १०:०१

रोखठोक यांना पहिल्यांदाच +१. माझाही करार "व्हायचा" होता. प्रबंध सादर केल्यावर चार महिन्यांनी झाला.

सोबा | १०:०४

म्हणजे जायचं ठरलं ना पण?

निवृत्त_खजिनदार | १०:२०

ठरल्यासारखंच. पुण्याला नाही कळवायचं पत्र तिनं लिहून ठेवलंय, पाठवलेलं नाही. गाईडनं ई-मेलमध्ये कराराची तारीख घातली की पाठवेल. रोखठोक, चौतीस वर्षं बँकेत काढली आहेत, लेखी घेणं मला शिकवू नका.

आरहूसची_सून, कुकरच्या रिंगा पाच लिटरच्या की तीनच्या?